बुंध्याचे चार फूट

सेंट पॉलमध्ये झाड तोडण्याआधी
त्याला हिरव्या रंगाचं कडं काढतात.
मार्लिस कुसिस्टोची ती नोकरी.
ॲशच्या सालीखाली भुंगेऱ्यानं पोखरलेल्या वाटा असतात,
वळणावळणाच्या, घाईत खरडलेल्या मोडीसारख्या.
साल न सोलताही ती आता सांगते :
दोन वर्षं. फार तर तीन.

मंगळवारी संध्याकाळी ती हेल्मेट बदलते,
केशरी काढून निळं, जाळीचं,
आणि सॉफ्टबॉलच्या मैदानावर जाते. तिथं
फुटबॉलच्या गोलाला नळकामाचे पांढरे पाइप बांधून
उभा केलाय एक डुगडुगता एच.
आडव्या पाइपावरून चेंडू गेला तर एक गुण,
खालून, जाळीत, तर तीन.
वारा सुटला की आधी पाइप धरायचे, मग खेळ.

काठीला हर्ली म्हणतात.
आपल्या कानाला ते 'हरली' ऐकू येतं.
पहिली तीन वर्षं तेही बरोबरच होतं.

आधी इथं आयर्लंडची पोरं खेळत,
छपरं घालणारी, बारमध्ये राबणारी.
कुणाचा व्हिसा संपला, कुणाची आई आजारी पडली,
कुणी शिकागोला गेलं, तिथं म्हणे संघ मोठा.
उरला फिंटन हॅनरहन, वय एकोणसत्तर,
दोन्ही गुडघे बदललेले, शिट्टी गळ्यात.
त्यानं किराणा दुकानात चिठ्ठी चिकटवली :
काठी मी देतो. पळायचं तुम्ही.

आणि आलं कोण?
केंग थाओ. आईवडील लाओसच्या डोंगरातले,
हा मात्र इथल्याच इस्पितळात जन्मलेला,
हातात जन्माचं बेसबॉल.
लुंडक्विस्ट भाऊ, दोघंही हॉकीत वाढलेले,
चेंडूला जमिनीवरून हलू देत नाहीत.
इडिल वारसामे, गणिताची बाई,
हेल्मेटखाली ओढणी नीट खोचून
पहिल्याच दिवशी कोपराचं साल काढून घेणारी.
आयरिश आजी एकाच्याही घरात नाही.
फिंटन ओरडतो, "उचल! बर्फ कधीच वितळलाय रे! उचल!"

ऑगस्टमध्ये मार्लिसला कडं काढावं लागलं
फिंटनच्याच दारातल्या ॲशला.
चहाचा मग घेऊन तो पायरीवर बसला होता.
तिनं ब्रश डब्यात दोनदा निथळला.
तो म्हणाला, "मुळाला धरून काप.
जमिनीपासून चार फूट माझे. वरचं न्या."

कारण खोड मुळाकडे वळतं
तिथंच रेषा वळतात,
आणि त्या वळणातून काठीचा पंजा निघतो.
सरळ फळीतून कापलेली काठी
पहिल्या धडकेत चिरते.
भुंगेरा सालीलगतच चरतो,
गाभ्यापर्यंत त्याची मजल जात नाही.

वर्षभर तो बुंधा केंगच्या गॅरेजात वाळला,
बर्फ ढकलायच्या यंत्रामागे.
नऊ काठ्या निघाल्या. दोन वाकड्या.
एक तोकडी, केंगच्या लेकीची,
ती सध्या तिचा उपयोग चावायला करते.
पंजांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या,
आणि धाकट्या लुंडक्विस्टनं विचारलं,
"तिकडच्यासारखी झालीय का?"
फिंटननं तोलून पाहिली.
"नाही. जड आहे. मनगटं करा."

मिलवॉकीशी सामना आठ गुणांनी गेला.
पण उत्तरार्धात इडिलनं
दोघांच्या मधून चेंडू काढला, हातावर झेलला,
आणि मारला.

दिवसभर मार्लिस खोडांवर टकटक करते,
कान लावते, पोकळ की भरीव.
तो आवाज तिनं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकला
आणि आपला माणूस सोडून
क्षणभर नुसती उभी राहिली.
तेवढ्यात त्या माणसानं गोल केला.

परतीच्या व्हॅनमध्ये फिंटन त्यावर काही बोलला नाही.
दारात आता ऊन फार येतं,
तेवढी एक तक्रार
त्यानं विस्कॉन्सिन संपेपर्यंत पुरवली.